शाळा कोणाच्या पैशावर? : करदात्यांच्या दोन खटल्यांचा इतिहास

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत काही पाने हमखास असतात. संस्थापकांची छायाचित्रे, मुख्याध्यापकांची नामावली, पहिल्या तुकडीच्या आठवणी आणि इमारत निधीला हातभार लावणाऱ्यांची यादी. यांपैकी शेवटचे पान वाचक बहुधा भराभर उलटतो. एखाद्या आजोबांचे नाव सापडले तर क्षणभर थांबतो, त्यापुढची रक्कम वाचून ‘त्या काळी एवढे?’ असे म्हणतो आणि पुढे जातो. वस्तुतः त्या यादीमागे शाळेविषयीचा एक मूलभूत प्रश्न उभा असतो. शाळा उभारण्याचा आणि चालविण्याचा खर्च कोणी सोसायचा? ज्यांची मुले शिकतात त्यांनी, की साऱ्या गावाने? आणि खर्च साऱ्या गावाकडून वसूल करायचा, तर त्या शाळेचे दारही साऱ्या गावाला उघडे ठेवावे लागते की नाही?

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी समाजाला यातील पहिला प्रश्न चांगला परिचित आहे. परप्रांतात मातृभाषेची शाळा काढायची म्हणजे वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन घरोघर फिरणे ओघानेच येते. परंतु वर्गणी ऐच्छिक असते. द्यायची नसेल तर नकार देता येतो. कराचे तसे नाही. कर द्यावाच लागतो. म्हणूनच शाळा कराच्या पैशातून उभी राहू लागली, तेव्हा ‘हा कर घेण्याचा तुम्हांला अधिकार काय?’ असे विचारणारा करदाताही उभा राहिला. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत हा वाद गावच्या सभांत आणि न्यायालयांत प्रत्यक्ष लढला गेला. त्यातील दोन खटले आजही विचार करायला लावतात. पहिल्या खटल्यात एका प्रतिष्ठित करदात्याने हायस्कूलसाठी कर देण्यास हरकत घेतली. दुसऱ्यात तीन करदात्यांनी, आमच्याकडून कर घेता तर आमच्या मुलांचे हायस्कूल का बंद केले, असा जाब विचारला. पंचवीस वर्षांच्या अंतराने लागलेले हे दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले, म्हणजे सार्वजनिक शाळा या संस्थेचे बळ आणि तिची दुखरी जागा दोन्ही ध्यानात येतात.

कर, कर्जरोखे आणि शाळा

या खटल्यांची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी तेथील व्यवस्था थोडक्यात पाहिली पाहिजे. अमेरिकेत शाळांचा भार प्रामुख्याने स्थानिक वस्तीवर असतो. बहुतेक राज्यांत गाव, तालुका किंवा परगणा यांच्या पातळीवर शाळेचा एक स्वतंत्र विभाग असतो. त्याचे एक मंडळ असते आणि विभागातील घरे व जमिनी यांच्या मूल्यावर कर आकारून शाळेचा वार्षिक खर्च भागविला जातो. नवी इमारत बांधायची तर एवढी रक्कम एका वर्षाच्या करातून निघत नाही. मग मतदारांची संमती घेऊन कर्जरोखे काढले जातात; त्या पैशातून इमारत उभी राहते आणि पुढे कित्येक वर्षे करातून व्याज व मुद्दल फेडले जाते. म्हणजे ज्याला मूलबाळ नाही, ज्याची मुले केव्हाच मोठी झाली किंवा ज्याची मुले खाजगी शाळेत जातात, त्या गृहस्थालाही शाळेची वीट आपल्याच खिशातून लागत असल्याची जाणीव दर वर्षी होते.

प्राथमिक शाळेच्या बाबतीत ही तक्रार फार काळ टिकली नाही. लिहिणे, वाचणे आणि हिशेब हे प्रत्येक नागरिकाला यावे, याविषयी हळूहळू एकमत झाले. खरा वाद पेटला तो हायस्कूलवरून. लॅटिन, फ्रेंच, बीजगणित हे विषय शिकायला येणारी मुले थोडी, आणि तीही बहुतांशी सुस्थितीतील घरांची. मोच्याच्या किंवा कोळ्याच्या मुलाला तेरा-चौदाव्या वर्षी कामाला लागावे लागे. मग त्या मोच्याच्या कराच्या पैशावर व्यापाऱ्याच्या मुलाने लॅटिन का शिकावे, असा प्रश्न विचारला जाई. तो केवळ कंजूषपणाचा प्रश्न नव्हता.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेव्हर्ली गावात याचा प्रत्यय आला. पाचशेहून अधिक कुटुंबांच्या गावाने हायस्कूल चालविलेच पाहिजे, असा तेथील कायदा होता. जोडे बनविणारे आणि मासेमारी करणारे हे गाव बराच काळ टाळाटाळ करीत राहिले आणि शेवटी १८५८ मध्ये तेथे हायस्कूल निघाले. दोनच वर्षांनी, १४ मार्च १८६० रोजी, गावच्या सभेत ते बंद करण्याचा ठराव मतास टाकण्यात आला. शाळेच्या बाजूने १४३ आणि विरुद्ध २४९ मते पडली. पुढे इतिहासकारांनी त्या मतदारांची यादी तपासली, तेव्हा शाळेच्या बाजूने प्रामुख्याने गावातील सधन व प्रतिष्ठित मंडळी, आणि विरुद्ध बाजूला कमी मिळकतीचे कारागीर व ज्यांची मुले शाळेच्या वयाची नव्हती असे लोक आढळले. ‘लोकांची शाळा’ म्हणून मिरविणारी संस्था सामान्य माणसाला परकी वाटू शकते, हे बेव्हर्लीच्या मतपेटीने दाखवून दिले.

कॅलमझूचा दावा

याच प्रश्नाचे न्यायालयीन उत्तर मिळाले ते मिशिगन राज्यातील कॅलमझू या गावी. राज्याच्या नैर्ऋत्य भागातील या गावात १८५८ पासून हायस्कूलचे वर्ग सुरू होते. शाळांवर देखरेख ठेवण्यासाठी एक पगारी अधीक्षकही नेमलेला होता. बारा-तेरा वर्षे कोणी हरकत घेतली नाही. कर भरले गेले, मुले शिकून बाहेर पडली. १८७३ च्या आरंभी मात्र चार्ल्स स्टुअर्ट यांनी अन्य दोन मालमत्ताधारकांसह न्यायालयात दावा दाखल केला. स्टुअर्ट हे काही सामान्य असामी नव्हते. १८५३ ते १८५९ या काळात त्यांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये मिशिगनचे प्रतिनिधित्व केले होते. १८७२ सालच्या शाळा-कराचा जो भाग हायस्कूल आणि अधीक्षकाचा पगार यांसाठी आकारला गेला होता, तेवढ्याची वसुली मनाई हुकमाने थांबवावी, अशी त्यांची मागणी होती.

वादींचे मुद्दे तीन होते. पहिला असा की, राज्यघटनेला अभिप्रेत असलेली मोफत शाळा म्हणजे सामान्य इंग्रजी शिक्षणाची प्राथमिक शाळा होय. परकीय आणि मृत भाषा शिकविणाऱ्या हायस्कुलाचा खर्च करातून करण्यास कायद्याचा आधार नाही. ज्यांना असे शिक्षण हवे त्यांनी ते स्वखर्चाने घ्यावे. दुसरा मुद्दा तांत्रिक होता. हायस्कूल काढायचे तर तसा ठराव विभागातील मतदारांनी करावा, असे कायदा सांगतो. कॅलमझूत तसा रीतसर ठराव कधी झालाच नाही. तिसरा मुद्दा, मंडळाला अधीक्षक नेमण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही.

जिल्हा न्यायालयाने फेब्रुवारी १८७४ मध्ये दावा फेटाळला. वादी अपिलात गेले आणि प्रकरण मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. २१ जुलै १८७४ रोजी निकाल लागला. तो लिहिला होता न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी.

रेल्वेला नकार, शाळेला होकार

हा निकाल कूली यांनी लिहावा, याला विशेष अर्थ आहे. करदात्याच्या हक्कांविषयी त्यांच्याइतका दक्ष न्यायाधीश त्या काळी क्वचितच असेल. मिशिगन विद्यापीठात ते कायद्याचे प्राध्यापक होते. शासनाच्या अधिकारांना राज्यघटनेने कोणत्या मर्यादा घातल्या आहेत, या विषयावरचा त्यांचा १८६८ सालचा ग्रंथ देशभरातील वकिलांच्या टेबलावर असे. अवघ्या चार वर्षांपूर्वी, १८७० मध्ये, त्यांच्यापुढे एका रेल्वे कंपनीचे प्रकरण आले होते. मिशिगनमधील सेलम गावाने डेट्रॉइट-हॉवेल रेल्वेला मदत म्हणून कर्जरोखे देण्याचे ठरविले होते. ते रोखे देण्याची गावावर सक्ती करावी, असे कंपनीचे म्हणणे होते. कूली यांनी ते नाकारले. कर हा सार्वजनिक कामासाठीच घेता येतो. रेल्वे कितीही उपयोगी असली तरी ती खाजगी भागधारकांच्या मालकीची असून, त्यांच्या धंद्यासाठी गावकऱ्यांच्या घरावर व शेतावर बोजा चढविता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तेव्हा कॅलमझूचा करदाता योग्य न्यायाधीशापुढे आला आहे, असे वादींना वाटले असल्यास नवल नाही. परंतु कूली यांनी शाळेला वेगळ्या मापाने मोजले, आणि त्यासाठी त्यांनी थेट राज्याचा इतिहास उघडला. १७८७ साली वायव्य प्रदेशासाठी केलेल्या कायद्यात शाळांना सदैव उत्तेजन देण्याचे वचन होते. १८१७ साली, मिशिगन अजून राज्यही नव्हते तेव्हा, प्राथमिक शाळांपासून विद्यापीठापर्यंतची एक अखंड रचना कायद्याने कल्पिली गेली होती. १८२७ च्या कायद्याने मोठ्या वस्त्यांवर वरच्या दर्जाच्या शाळेची जबाबदारी टाकली. १८३५ आणि १८५० या दोन्ही राज्यघटनांनी एकीकडे प्राथमिक शाळा आणि दुसरीकडे विद्यापीठ यांची तरतूद केली. हा सारा पट मांडून कूली यांनी विचारले की, ज्या राज्याने खालची पायरी आणि वरची पायरी दोन्ही स्वतः बांधल्या, त्याने मधली पायरी जाणूनबुजून वगळली असे मानायचे काय? तसे मानले तर विद्यापीठाचे दार सर्वांना उघडे असूनही तेथवर पोहोचण्याची वाट फक्त त्यांनाच मिळेल, ज्यांच्या आईवडिलांना खाजगी शाळेची फी परवडते किंवा मुलांना बाहेरगावी ठेवून शिकविता येते. राज्याच्या धोरणाचा असा अर्थ लावणे विसंगत ठरेल.

निष्कर्ष त्यांनी अत्यंत मोजक्या शब्दांत मांडला. विभागातील मतदार रीतसर संमती देऊन खर्च सोसण्यास तयार असतील, तर शाळेत कोणते विषय शिकवावेत आणि कोणत्या इयत्तेपर्यंत शिकवावे, यावर राज्याच्या धोरणाने, घटनेने किंवा कायद्याने कोणतेही बंधन घातलेले नाही. मतदारांचा ठराव झाला नव्हता, या तांत्रिक मुद्द्यावर त्यांचे उत्तर व्यवहारी होते. तेरा वर्षे शाळा उघडपणे चालली, तिच्यासाठी कर आकारले आणि भरले गेले. इतक्या काळानंतर एखाद्याने उठून मूळ कागद मागावा, हे कायदा मान्य करणार नाही. शाळा चालविण्याची जबाबदारी ज्या मंडळावर आहे, त्याला अधीक्षक नेमण्याचा अधिकार ओघानेच येतो. इतर न्यायाधीशांनी या निकालास सहमती दिली.

‘कॅलमझू खटला’ या नावाने हा निर्णय प्रसिद्ध झाला. तो एका राज्यापुरता होता. परंतु इतर राज्यांतील न्यायालयांनी आणि शाळामंडळांनी त्याचा आधार घेतला. १८९० च्या सुमारास अमेरिकेतील सार्वजनिक हायस्कुलांत सुमारे २ लाख विद्यार्थी होते. १९०० पर्यंत ही संख्या ५ लाखांच्या पुढे गेली. या वाढीची कारणे अनेक होती. तरीही हायस्कूलची इमारत आणि शिक्षक यांसाठी कर घेणे कायदेशीर आहे, ही खात्री मंडळांना मिळाली नसती तर ती एवढी निर्वेध झाली नसती.

पुण्यातील एक निवेदन

कॅलमझूचा निकाल लागल्यानंतर आठ वर्षांनी, १८८२ मध्ये, भारतात हंटर आयोग शिक्षणव्यवस्थेची पाहणी करीत होता. त्या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर वसूल होत असे आणि त्यातील काही भाग शाळांसाठी राखून ठेवला जाई. फुल्यांचे म्हणणे असे की, सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या घामातून उभा राहतो. पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, आणि ज्यांच्याकडून पैसा येतो त्यांच्या खेड्यांत साधी प्राथमिक शाळाही धड मिळत नाही. बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि उपकराचा मोठा वाटा त्यावर खर्च व्हावा, अशी त्यांची मागणी होती.

वरवर पाहता हा युक्तिवाद कॅलमझूच्या वादींसारखाच वाटतो. दोघेही म्हणतात की, उच्च शिक्षणाचा भार सामान्य करदात्यावर टाकू नका. परंतु दोहोंत महदंतर आहे. स्टुअर्ट यांना कराचा तो भाग माफ करून हवा होता. फुल्यांना कर माफ करून नको होता. त्याच्या बदल्यात शाळा हवी होती. ‘आम्ही भरतो, म्हणून शाळा आमचीही आहे’ हा त्यांच्या निवेदनाचा गाभा होता. करदाता या नात्याने घेतलेली हरकत आणि त्याच नात्याने केलेली मागणी यांतील हा फरक ध्यानात ठेवला, म्हणजे दुसऱ्या खटल्याचे मर्म नीट उलगडते.

ऑगस्टातील बंद दार

जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा हे सव्हाना नदीकाठचे जुने शहर. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी तेथे शाळांचा ध्यास घेतला. त्यांच्या मागणीवरून १८८० मध्ये रिचमंड परगण्याच्या शिक्षणमंडळाने त्यांच्या मुलांसाठी वेअर हायस्कूल सुरू केले. कृष्णवर्णीयांसाठी सार्वजनिक पैशातून चालणारे हे जॉर्जियातील पहिले हायस्कूल. रिचर्ड राइट हे त्याचे पहिले मुख्याध्यापक. गुलामगिरीत जन्मलेला हा मनुष्य पुढे सव्हाना येथील सरकारी महाविद्यालयाचा प्रमुख झाला. शाळेचे नाव ज्या एडमंड वेअर यांच्यावरून ठेवले, ते अटलांटा विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष होते.

सतरा वर्षे शाळा चालली. १८९७ च्या जुलै महिन्यात मंडळाने ती बंद करण्याचे ठरविले. कारण असे दिले गेले की, हायस्कुलात जेमतेम साठ मुले आहेत. उलट जागेअभावी प्राथमिक शाळांतून परत पाठवावी लागणारी कृष्णवर्णीय बालके तीनशेहून अधिक आहेत. तेव्हा हायस्कूलची इमारत आणि पैसा त्या बालकांसाठी वापरणे अधिक न्याय्य होईल. हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी शहरातील धर्मसंस्थांच्या खाजगी शाळांत जावे. ऐकायला हे हिशेबी आणि दयाळूपणाचे वाटते. पण त्याच मंडळाने गोऱ्या मुलींचे हायस्कूल चालूच ठेवले आणि गोऱ्या मुलांच्या शाळेला मदतही पूर्ववत दिली. जागा अपुरी पडली तेव्हा एकाच बाजूच्या मुलांनी आपसांत वाटून घ्यायचे, असा तो न्याय होता.

मंडळाने त्या वर्षी शाळांसाठी ४५,००० डॉलरचा कर बसविला होता आणि तो सर्वांकडून, वर्ण न पाहता, वसूल होत होता. जोसेफ कमिंग, जेम्स हार्पर आणि जॉन लेडवेझ या तीन कृष्णवर्णीय करदात्यांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांची मागणी अशी होती की, आमच्या मुलांसाठी हायस्कूल नसेल, तर आमच्या कराचा पैसा गोऱ्यांच्या हायस्कूलवर खर्च करण्यास मंडळाला मनाई करावी. स्थानिक न्यायालयाने ती मान्य केली. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो निर्णय फिरविला आणि प्रकरण वॉशिंग्टनला गेले. तेथे वादींची बाजू व्हरमाँटचे माजी सिनेटर जॉर्ज एडमंड्स यांनी मांडली.

हार्लन यांचा निकाल

१८ डिसेंबर १८९९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. तो न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी लिहिला, हा या कथेतील सर्वांत वेदनादायक भाग आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८९६ च्या प्लेसी खटल्यात, ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला विरोध करणारे हार्लन हे एकटे न्यायाधीश होते. आगगाडीच्या डब्यांतील वर्णभेद त्यांना घटनाबाह्य वाटला होता. शाळेच्या प्रश्नावर मात्र त्यांनी वेगळी भूमिका घेतली.

त्यांचा तर्क असा. वादींनी मागितलेला मनाई हुकूम दिला, तर गोऱ्यांचे हायस्कूल बंद पडेल. परंतु त्यामुळे कृष्णवर्णीय मुलांना हायस्कूल मिळणार नाही. एकाचे काढून घेतल्याने दुसऱ्याच्या पदरात काही पडत नसेल, तर न्यायालयाने ते का करावे? कृष्णवर्णीयांसाठी हायस्कूल सुरू करण्याचा आदेश द्या, अशी सरळ मागणी असती तर प्रश्न वेगळा झाला असता. मंडळाने वर्णद्वेषापोटी हा निर्णय घेतला, असा पुरावा समोर नाही. मुलांच्या शाळा वर्णानुसार वेगळ्या असाव्यात की नाही, हा मुद्दा मूळ अर्जात घेतलेलाच नसल्यामुळे त्याचा विचार करता येत नाही. शाळा चालविणे हा राज्याचा विषय आहे, आणि हक्कांची उघड व निःसंशय पायमल्ली झाल्याखेरीज केंद्रीय न्यायालयाने त्यात पडू नये.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले, म्हणजे विरोधाभास ठळकपणे दिसतो. कॅलमझूत मतदारांचा रीतसर ठराव नव्हता, तरी न्यायालयाने तांत्रिक उणीव बाजूला सारून शाळेचे मूळ प्रयोजन पाहिले. ऑगस्टात अन्याय डोळ्यांसमोर होता, तरी न्यायालय अर्जातील मागणीच्या शब्दांत अडकून पडले. कॅलमझूत मधली पायरी गरिबांसाठी आवश्यक ठरली. ऑगस्टात तीच पायरी साठ मुलांपुढून काढून घेतली, तेव्हा तो मंडळाच्या काटकसरीचा प्रश्न ठरला.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. कूली यांच्या निकालाचा आधार होता मतदारांची संमती. जे भरतात तेच ठरवितात, म्हणून कर न्याय्य, असा त्याचा अर्थ. जॉर्जियात मात्र १८७७ च्या राज्यघटनेने मतदानासाठी डोईपट्टीची अट घातली होती. मागील वर्षांची थकबाकीही फेडल्याखेरीज मत देता येत नसे, आणि त्यामुळे असंख्य गरीब कृष्णवर्णीय मतपेटीपासून दूर राहिले. त्यांच्याकडून शाळेचा कर घेणे चालू राहिले. पण तो कसा खर्च व्हावा हे ठरविण्याचा त्यांचा आवाज क्षीण झाला. अशा वेळी ‘करदाता’ हा शब्द उरतो, त्यातील ‘नागरिक’ गळून पडतो. कमिंग आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले ते कर चुकविण्यासाठी नव्हे, तर तो गळालेला शब्द परत मिळविण्यासाठी.

दोनदा भरलेला कर

ऑगस्टाच्या निकालाचे परिणाम दूरवर पोहोचले. दक्षिणेतील मंडळांना कळून चुकले की, कृष्णवर्णीयांच्या शाळांवर कमी खर्च केला तरी सर्वोच्च न्यायालय हटकणार नाही. ऑगस्टातील कृष्णवर्णीय मुलांना सार्वजनिक हायस्कूलसाठी पुढे कित्येक दशके वाट पाहावी लागली.

या परिस्थितीत त्या समाजाने जे केले, ते कोणत्याही स्मरणिकेत नोंदविण्याजोगे आहे. टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोतील व्यापारी ज्युलियस रोझनवाल्ड यांनी १९१२ पासून खेड्यापाड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळागृहे बांधण्याची एक योजना आखली. रोझनवाल्ड यांची देणगी बिनशर्त नव्हती. गावातील कृष्णवर्णीयांनी आपला वाटा उचलला पाहिजे आणि सरकारी मंडळाने ती शाळा आपली म्हणून स्वीकारली पाहिजे, अशा तिच्या अटी होत्या. ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी जमीन दिली, लाकूड दिले, अंगमेहनत केली. कोणी शेताचा एक तुकडा राखून त्यावरचा कापूस शाळेच्या नावे विकला. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्यांत रोझनवाल्ड यांच्या निधीचा वाटा सुमारे ४३ लाख डॉलरचा होता, तर गोरगरीब कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे ४७ लाखांचा. ज्या धनिकाच्या नावाने या शाळा ओळखल्या जातात, त्याच्यापेक्षा ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत त्यांनी अधिक दिले.

परंतु हे औदार्य जितके कौतुकास्पद, तितकीच त्यामागची परिस्थिती अन्यायाची होती. याच लोकांनी शाळेसाठी कर आधीच भरलेला होता. त्या कराचा मोठा भाग इतरांच्या शाळांवर खर्च झाला, म्हणून त्यांना आपल्या मुलांसाठी पुन्हा पदरमोड करावी लागली. इतिहासकारांनी याला दुहेरी कर म्हटले आहे. मात्र त्या समाजाने वर्गणीवर समाधान मानून सार्वजनिक शाळेवरचा हक्क सोडला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रोझनवाल्ड योजनेतील दुसरी अट, म्हणजे शाळा मंडळाच्या मालकीची झाली पाहिजे ही, त्यांच्या दृष्टीने मोलाची होती. शाळागृह मंडळाच्या दप्तरी चढले, म्हणजे शिक्षकाचा पगार आणि छपराची डागडुजी ही मंडळाची जबाबदारी ठरे, आणि ती मागता येई.

१७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्या निकालात ऑगस्टाच्या जुन्या प्रकरणाचा उल्लेख आला आहे : वेगळ्या शाळांच्या तत्त्वालाच त्या वेळी आव्हान दिले गेले नव्हते, असे न्यायालयाने नमूद केले. म्हणजे हार्लन यांनी ज्या तांत्रिक कारणावरून वादींना परत पाठविले, त्याच कारणामुळे पुढच्या पिढीसाठी वाट मोकळी राहिली. वेअर हायस्कूलमधील त्या साठ विद्यार्थ्यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता. शाळा बंद झाली तेव्हा जो विद्यार्थी पंधरा वर्षांचा होता, तो ब्राउन निकालाच्या वेळी बहात्तर वर्षांचा झाला असेल.

न्यायदानातील विलंबाची मोजदाद करण्याचे अनेक मार्ग आहेत. शाळेच्या बाबतीत तो एका मुलाच्या वयाने मोजावा लागतो. रस्ता दहा वर्षे उशिरा झाला तरी वाटसरूला त्याचा उपयोग होतो. शाळा दहा वर्षे उशिरा उघडली, तर ज्याच्यासाठी ती हवी होती तो विद्यार्थीच उरत नाही.

स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीकडे या इतिहासाच्या प्रकाशात पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्या यादीत मोठ्या रकमांबरोबर अगदी लहान रकमाही असतात, आणि काही नावांपुढे रक्कम नसून नुसतेच ‘श्रमदान’ असे लिहिलेले असते. ज्यांना शाळेची गरज होती, त्यांनी शासनाची वाट न पाहता तिचा पाया घातला, हे त्यातून कळते. पण त्या यादीत नसलेली माणसेही शाळेची धनी असतात : मिठापासून घरापर्यंत कशा ना कशावर कर भरणारी, शाळेच्या फाटकाबाहेरून रोज जाणारी. कूली यांनी ज्याला मधली पायरी मानले, ती त्यांच्या मुलांच्या पायाखाली आहे की नाही, हे पाहण्याचे काम शाळेची साठ वर्षे पूर्ण झाल्यावरही संपत नाही.